पाणी ४८ अंश, वेळ ६० मिनिटं

अळी अगदी बारीक होती. तांदळाच्या दाण्याहून थोडी लहान, मळकट पांढरी. तपासणी करणाऱ्या मॅडमनी आंबा उभा कापला, फोड ताटलीत ठेवली, आणि ती फोडीच्या कडेवरून वाकून टुणकन उडाली. फळमाशीची अळी उडी मारते हे मी ऐकलं होतं. पाहिलं त्या दिवशी, एप्रिल २०१५ मध्ये, नवी मुंबईतल्या निर्यात केंद्रात, माझ्याच आंब्यात.

"ही कुठल्या क्रेटमधली?" मॅडमनी विचारलं.

कुठल्या क्रेटमधली ते मला ठाऊक होतं. पण ते नंतर सांगतो.

आमची बाग पावसजवळ. कातळावर जांभा फोडून आजोबांनी खड्डे घेतले, बाहेरून माती आणून भरली आणि कलमं लावली. हापूस तीनशेच्या आसपास, थोडी पायरी. आंबा वाशीला दलालाकडे पाठवायचा, पट्टी (दलालाचा विक्रीचा हिशेब) येईल ती घ्यायची, उरलेला कॅनिंगला, हा आमचा पिढीजात व्यवहार. निर्यातीच्या भानगडीत पडायचं कारण म्हणजे आदल्या वर्षीची बंदी. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातून येणारा आंबा बंद केला. त्याच्या जोडीला वांगं, कारलं, पडवळ आणि अळू. म्हणजे आमच्या परसातली जवळजवळ अख्खी भाजी. २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळा-भाज्यांच्या २०७ खेपांत तिथे किडी सापडल्या होत्या, म्हणून ही बंदी.

गावात मात्र नाक्यावर वेगळंच चाललं होतं. कुणी म्हणे फवारण्या जास्त झाल्या म्हणून आंबा परत आला, कुणी म्हणे साका निघाला, म्हणजे गर आतून पांढरट, स्पंजासारखा. एकाने तर हा ब्रिटिशांचा जुना राग आहे असं छातीठोक सांगितलं. मीही त्यांच्यातलाच. हापूसला नको म्हणणारे हे कोण, एवढंच डोक्यात होतं. जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठली, पण अटी घालून: बागेची नोंदणी, मान्यताप्राप्त पॅकहाउस (निवड-पॅकिंगचं केंद्र), आणि फळाला उष्ण पाण्याची प्रक्रिया. एका निर्यातदाराने निरोप धाडला, नोंदणी करत असाल तर तुमचा माल घेतो.

अण्णांना सांगितलं तर ते आधी ऐकूनच घेईनात.

"आंबा गरम पाण्यात?"

"४८ अंशाच्या पाण्यात, एक तास."

"मग पन्हंच पाठव ना बाटल्या भरून. तेवढी उठाठेव तरी वाचेल."

नोंदणी 'मँगोनेट'वर, म्हणजे निर्यातीच्या आंबा बागांच्या सरकारी ऑनलाइन यादीत, करायची होती. अर्ज एका पानाचा, पण त्याला सातबारा जोडायचा, आणि कोकणातला सातबारा म्हणजे काय चीज आहे ते कोकणातल्याला वेगळं सांगायला नको. आमच्या सामाईक सातबाऱ्यावर अकरा नावं. तीन मुंबईत, एक बडोद्यात, दोन वारलेले, आणि एक आत्या, जिच्याशी आमचं सत्त्याण्णव सालापासून बोलणं नाही. संमतीपत्रांसाठी मी जानेवारी-फेब्रुवारीत जितका एसटीने फिरलो तितका लग्नाच्या आमंत्रणांनाही फिरलो नव्हतो. आत्याने सही दिली, वर चहाही दिला. अडला तो चुलतभाऊ. वरची बाग त्याच्या वहिवाटीत. तो म्हणाला, "तुझं तू कर. मला ते सापळे नकोत, वही नको, आणि साहेब लोक बागेत नकोत." म्हणून वरची बाग वगळून खालच्या बागेची नोंदणी झाली. कृषी सहायक आले, झाडं मोजली, बागेचा नंबर पडला. हा नंबर पुढे प्रत्येक क्रेटवर, प्रत्येक पेटीवर जाणार होता.

फेब्रुवारीत रत्नागिरीला एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. दुपारच्या जेवणाच्या आशेने गेलो होतो, हे कबूल करतो. पण तिथे विद्यापीठातून निवृत्त झालेले एक कीटकशास्त्रज्ञ बोलायला उभे राहिले आणि पहिल्याच वाक्यात म्हणाले, "तुमचा आंबा चांगला की वाईट, हा प्रश्न युरोपने विचारलेलाच नाही." मग फळ्यावर खडूने चार प्रश्न लिहिले. आत शिरेल का? रुजेल का? पसरेल का? आणि पसरली तर नुकसान किती?

"यातला एकही प्रश्न आंब्याबद्दल नाही, चारही माशीबद्दल आहेत," ते म्हणाले. याला पेस्ट रिस्क ॲनालिसिस म्हणतात, म्हणजे किडीच्या जोखमीचं विश्लेषण. १९९५ साली जागतिक व्यापार संघटनेबरोबर एक करार अमलात आला. त्यानुसार प्रत्येक देशाला आपली माणसं, जनावरं आणि पिकं जपण्याचा हक्क आहे, पण नुसतं 'नको' म्हणून भागत नाही. का नको ते शास्त्राच्या आधारे दाखवावं लागतं, आणि धोका आवरायला जेवढं बंधन लागेल त्याहून जास्त घालता येत नाही.

मागून एकाने विचारलं, "साहेब, लंडनच्या थंडीत माशी जगणार आहे होय?"

"नाही जगणार. पण पेटी लंडनला उतरली तरी युरोपच्या आत पुढे तिला नाका नाही. स्पेनमध्ये संत्री आहेत, इटलीत पीच आहेत. तिथे ती मजेत जगेल." मग ते जपानवर आले. ओकिनावाच्या बेटांवर हीच फळमाशी होती, बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. वर्षानुवर्षं पैसा ओतून त्यांनी ती १९८६ पर्यंत समूळ संपवली. कशाने? मिथाइल युजेनॉलने. नर या वासाकडे धावतात आणि त्यात मिसळलेल्या कीटकनाशकाने मरतात. नर संपले की मादीची अंडी फळत नाहीत. "तेच रसायन आपल्या दापोली कृषी विद्यापीठाच्या 'रक्षक' सापळ्यात आहे," ते म्हणाले, "आणि तुमच्या अंगणातल्या तुळशीतही थोडं असतं. आता मला सांगा, बेटंच्या बेटं साफ केलेला माणूस तुमची पेटी न बघता घरात घेईल का?" जपानने भारतीय आंबा घेतला तो २००६ मध्ये, आणि तोही ४७.५ अंशाच्या वाफेतून २० मिनिटं काढून.

मी वहीत लिहीत होतो, कारण मला एक कोडं सुटत नव्हतं. आंबा एकच, मग युरोपला पाणी, जपानला वाफ आणि अमेरिकेला किरणं, असं का? मेक्सिकोचा आंबा तर अमेरिकेत गरम पाण्यातूनच जातो. चहाच्या वेळी त्यांना गाठून विचारलं. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि कागदी बशीवर आंब्याची कोय काढली. "आपल्या देशात कोयीतला भुंगा आहे, मेक्सिकोत नाही. मादी कोवळ्या कैरीवर अंडं घालते, अळी गर पोखरत कोयीत शिरते. कैरी वाढते तशी वाट बुजते. बाहेरून खूण नाही, कापलात तरी गर स्वच्छ. पाण्याची उष्णता तिथवर पोचवायची तर आंब्याचं भरीत होईल." म्हणून अमेरिकेसाठी कमीत कमी ४०० ग्रे इतकी गॅमा किरणांची मात्रा. २००७ मध्ये पहिली खेप गेली ती लासलगावहून. तिथलं किरणांचं केंद्र कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून उभारलेलं, आणि नाव मिळालं आंब्याने. गंमत म्हणजे त्या मात्रेने कीड लगेच मरतेच असं नाही. पुढे तिची वाढ खुंटते किंवा तिला पिल्लं होत नाहीत. तिकडच्या तपासनिसाला जिवंत किडा दिसला तरी प्रक्रिया फसली असं होत नाही. धोका किड्याचा नाही, त्याच्या वंशाचा आहे. ही बशी मी बरेच दिवस जपून ठेवली होती.

फवारणीच्या अंशांचा विषय दुपारी झाला आणि तिथे अर्धे लोक पेंगले. युरोपात ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. मी गणित केलं: १०० टन आंब्यात १ ग्रॅम. माझ्या बागेचा दहा वर्षांचा आंबा एकत्र केला तरी १०० टन भरतील की नाही शंका. तुडतुड्यांवर मारायचं काय, मारल्यावर किती दिवस थांबायचं, आणि ते वहीत लिहायचं कसं, हा सगळा त्याचा व्याप. पण त्या आकडेमोडीतच मला माशीचा प्रश्न उलगडला. औषधाचा एक ग्रॅम युरोपात पोचला तरी एक ग्रॅमच राहतो, उलट दिवसेंदिवस कमी होतो. माशीचं तसं नाही. एक मादी आयुष्यात हजारावर अंडी घालू शकते. म्हणून औषधाला 'एवढं चालेल' असा आकडा आहे आणि माशीला तो नाही.

मार्चमध्ये सापळे टांगले, एकरी दोन. दर रविवारी उघडून मेलेल्या माश्या मोजायच्या आणि वहीत आकडा टाकायचा. आमचा नेपाळी गडी हे काम माझ्याहून जास्त मनापासून करायचा. पडीचा आंबा रोज गोळा करून खड्ड्यात पुरायचा, कारण अळी फळातून बाहेर पडते ती मातीत कोष करायला. झाडाखाली कुजणारं एक फळ म्हणजे पुढच्या महिन्याची माशी. वळवाची सर झाली की सापळ्यातला आकडा चढतो, हे वहीत पहिल्यांदा दिसलं. बागाईतदार म्हणून आयुष्य गेलं माझं, आणि माझ्या बागेत माशी कधी वाढते हे मला तोवर माहीत नव्हतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली काढणी. चौदा आण्याचा, म्हणजे जवळजवळ पूर्ण तयार आंबा हवा, देठ राखून, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने), सकाळच्या गारव्यात. चीक सालीवर ओघळता कामा नये. निर्यातदाराला वजनाची अट होती, त्यामुळे निवडून निवडून माल कमी भरला. टेम्पो सांगून ठेवलेला, रात्री निघायचा, आणि सात-आठ क्रेट रिकामे. चुलतभावाच्या पडवीत त्याच दिवशी काढलेला आंबा होता. दिसायला माझ्याहून सरस. मी सात क्रेट उचलले आणि माझ्या बागेच्या नंबराची चिठ्ठी लावली.

तर ती अळी त्या सातांतली होती.

"मॅडम, एकच फळ आहे," मी म्हटलं. वाक्य तोंडातून निघतानाच कानशिलं तापली, कारण फळ्यावरचे चार प्रश्न मीच वहीत उतरवून घेतले होते.

त्यांनी वाद घातला नाही. "आम्ही सगळे आंबे कापत नाही ना काका. थोडे कापतो आणि बाकीच्यांचा अंदाज घेतो. या लॉटला तुमच्या बागेचा नंबर आहे, तेव्हा अळी तुमच्या बागेची." संपूर्ण लॉट नाकारला. प्रक्रियेने ती अळी मेलीच असती, मग आधीच का अडवता, असं माझ्याबरोबर आलेला टेम्पोवाला तावातावाने म्हणत होता. त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण पाणी हा शेवटचा बांध आहे. वरचे बांध फुटलेले चालतील असं धरून तो घातलेला नाही. बाग स्वच्छ, मग सापळे, मग निवड, मग तपासणी, मग पाणी. प्रत्येक ठिकाणी थोडा धोका कमी होतो, आणि उरतो तो इतका कमी की समोरचा देश मान्य करतो. मी पहिल्याच बांधाला भोक पाडलं होतं. तो आंबा दुपारी वाशीच्या बाजारात गेला आणि पडेल त्या भावाने विकला. सात क्रेटांचं मी निर्यातदाराला सांगितलं, पण आठ दिवसांनी. लगेच सांगायचा धीर झाला नाही.

दुसरी खेप एप्रिल संपताना. या वेळी क्रेट कमी भरले तर कमी. फळं कापली, सहा-सात, सगळी स्वच्छ. मग टाकी. स्टीलची मोठी टाकी, पाणी सतत फिरतं, ठिकठिकाणी तापमान मोजणाऱ्या तारा आणि एका पडद्यावर आकडे. क्रेट पाण्याखाली गेले की घड्याळ सुरू. मध्ये तापमान खाली घसरलं तर अख्खी खेप बाद. तो तास मी तिथेच उभा होतो. दहाएक मिनिटांनी वास यायला लागला: आढीतला पिकल्याचा वास नव्हे, कैरी उकडताना येतो तसाही नव्हे, चीक आणि ओलं गवत यांच्या मधला काहीतरी. मला अण्णांचं पन्हं आठवत होतं. शेजारी उभा असलेला ऑपरेटर, विशीतला पोरगा, म्हणाला, "काका, बसा की. आंबे पळून नाही जात."

आंबे निघाले, गार पाण्यातून गेले, पंख्याखाली वाळले. पॅकिंगच्या खोलीला दोन दारं. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, खिडक्यांना बारीक जाळी. प्रक्रिया झालेल्या फळावर नवी माशी बसली तर सगळं पाण्यात, अगदी शब्दशः. पेट्या बंद झाल्या, फायटो हातात आला. फायटो म्हणजे सरकारी सही-शिक्क्याचा एक कागद, या मालात तुम्हाला नको असलेली कीड नाही, अमुक प्रक्रिया केलेली आहे, असं एका देशाने दुसऱ्या देशाला दिलेलं लेखी वचन. त्याचं सगळं वजन वचन देणाऱ्याच्या पतीवर. माझे सात क्रेट पहिल्या खेपेत गुपचूप पुढे गेले असते आणि लंडनला अळी निघाली असती तर नोंद माझ्या नावाने नाही, भारताच्या नावाने झाली असती. अशाच नोंदी साचून २०७ झाल्या होत्या.

आता माझं स्पष्ट मत. पाण्यातून गेलेला हापूस तोच राहत नाही. साल किंचित निस्तेज होते, पिकताना देठाजवळ काही फळांत घट्टपणा राहतो. त्या वर्षी बऱ्याच बागाईतदारांनी ही तक्रार केली आणि ती खरी होती. कागदावर लिहिलेलं '४८ अंश, ६० मिनिटं' हे माशीच्या अंड्याकडे बघून ठरतं, हापूसच्या सालीकडे बघून नाही. शिवाय खर्च. टेम्पो, प्रक्रिया, नापास झालेल्या खेपेचा तोटा, हे सगळं माझ्या पट्टीतून वजा. चार हजार कलमांचा मालक हे सहज पेलतो, तीनशेवाल्याची एक खेप नापास झाली की हंगामाचा नफा गेला. जोखमीचं विश्लेषण करणारे आयात करणाऱ्या देशाची जोखीम मोजतात. माझी कोण मोजणार, हे मी त्या निवृत्त साहेबांना फोनवर विचारलंही. ते हसले आणि म्हणाले, "ती तुम्ही मोजायची, आणि परवडत नसेल तर सरळ वाशीला पाठवायचं." उत्तर आवडलं नाही, पण खोटं नव्हतं. दोन हंगाम पाठवला, तिसऱ्या वर्षी मोहोरच उशिरा आला म्हणून नाही पाठवला, पुन्हा त्यापुढे पाठवला. असंच चालू आहे.

साहेबांच्या चार प्रश्नांचा दुसरा अर्थ मला कळला तो आंब्यामुळे नाही, माडांमुळे. घरामागे आमचे बावीस माड. एका वर्षी झावळ्यांच्या खालच्या बाजूला पांढऱ्या मेणाच्या वेटोळ्या रांगोळ्या दिसल्या. महिन्याभरात खालची केळ, सुपारी, अळू, सगळं काजळी धरून काळं. विहिरीच्या कठड्यावरसुद्धा चिकट थर. रुगोज चक्राकार पांढरी माशी असं तिचं लांबलचक नाव. मूळची मध्य अमेरिकेतली. भारतात २०१६ मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीला पहिल्यांदा सापडली आणि तिथून किनाऱ्याने वर सरकत आली. आत शिरेल का, रुजेल का, पसरेल का, नुकसान किती. चारही प्रश्नांची उत्तरं मी शिडी लावून, झावळीखाली मान वर करून वाचत होतो. ती कुठल्या बंदरातून, कुठल्या रोपाबरोबर आत आली असेल, आणि ते रोप आणणारा माणूस कसा असेल, असा विचार करत होतो. बहुतेक माझ्यासारखाच असणार. सात क्रेटवाला.

अण्णा खाली उभे राहून शिडी धरत होते. म्हणाले, "याला गरम पाणी चालत नाही का रे?"

गेल्या पावसाळ्याआधी चुलतभाऊ केरळातून ठेंगू माडाची बारा रोपं घेऊन आला. त्यातली चार मला द्यायला म्हणून रिक्षात घालून फाटकाशी उभा. मी झावळ्या उलटून बघितल्या, काही दिसलं नाही. तरी म्हटलं, "आत नको आणूस. इथे फाटकाबाहेर चिऱ्यांवर ठेव. तीन आठवडे बघतो, मग लावतो. तुझी आठही अजून लावू नकोस."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तू काय लंडन झालास काय रे?"

मी काही बोललो नाही. त्याने पुटपुटत रोपं उतरवली आणि चिऱ्यांवर ओळीने ठेवली. मग जाताना थांबून, माझं लक्ष नाही असं बघून, एकेकीची झावळी उलटून बघितली.